आरटीएक्स ३०६० थंडीत चाललं, उन्हाळ्यात का पडतंय?

प्रश्न: दादा, मी नाशिकच्या इंदिरानगरला राहतो, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझ्याकडे सेकंडहँड आरटीएक्स ३०६०, १२ जीबीचं ग्राफिक्स कार्ड आहे. जानेवारीत आफ्टरबर्नरमध्ये (कार्डाचा वेग बदलायचं सॉफ्टवेअर) कोअर, म्हणजे मुख्य चिप, +१६५ मेगाहर्ट्झ आणि मेमरी +१२०० केली, कार्डावर जोराचा लोड टाकणारं फरमार्क तासभर चालवलं, काही झालं नाही. तेव्हा दोन वेळा गेमच्या मेन्यूत गोठलं होतं, पण मी ते गेमच्या नावावर टाकलं. आता एप्रिल लागल्यापासून गेम मध्येच बंद पडतो आणि ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरचा रेंडर अर्ध्यात सुटतो. कार्ड गेलं का? व्होल्टेजचा स्लायडर वाढवून बघू का?

उत्तर:

कार्ड गेलेलं नाही, असं तुझ्या वर्णनावरून तरी वाटतं. व्होल्टेजच्या स्लायडरला मात्र हात लावू नकोस, त्याचं कारण पुढे सांगतो. तुझ्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तू जाता जाता लिहिलंयस, ते मेन्यूत दोनदा गोठल्याचं. तुझं ओव्हरक्लॉक, म्हणजे कंपनीच्या वेगापुढे ताणलेलं सेटिंग, एप्रिलमध्ये बिघडलं नाही. ते जानेवारीतही पक्कं नव्हतं, फक्त ते उघडं पाडणारी चाचणी तू घेतली नव्हतीस.

मी गेली सोळा वर्षं नाशिकमध्ये पीसी जुळवतो आणि दुरुस्त करतो. सुरुवातीच्या काळात एका गिऱ्हाइकाचं कार्ड मी डिसेंबरात सेट करून दिलं. रात्री दहा वाजता, खिडकी उघडी, खोलीत सोळा-सतरा अंश. चार तास चाचणी घेतली आणि खात्रीने सांगितलं की आता बघायला नको. मेच्या पहिल्या आठवड्यात तो माणूस पीसी उचलून परत आला. त्याचं लग्नाच्या व्हिडिओचं काम दोन दिवस अडकलं होतं, आणि ते माझ्यामुळे अडकलं होतं. तेव्हापासून मी कुठलंही कार्ड थंडीच्या टोकाला आणि उन्हाच्या टोकाला, दोन्हीकडे तपासल्याशिवाय हातातून सोडत नाही. आपल्या जिल्ह्यात हे फार लागतं. जानेवारीत निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर येतो आणि एप्रिल-मेत नाशिक चाळिशीला टेकतं. तेच कार्ड, तोच आकडा, पण खोली वीस अंशांनी बदललेली.

आता आधी +१६५ म्हणजे तू कार्डाला नेमकं काय सांगितलंस ते बघू. २०१२ साली जीटीएक्स ६८० आलं, त्याच्यासोबत एनव्हिडियाने जीपीयू बूस्ट आणलं. तेव्हापासून लोडखालचा क्लॉक, म्हणजे चिपचा वेग, हा एक ठरलेला आकडा राहिला नाही. कार्डाच्या आत एक चढती रेघ असते: अमुक व्होल्टेजला अमुक मेगाहर्ट्झ. वीज किती खाल्ली जातेय आणि तापमान किती आहे हे बघत कार्ड त्या रेघेवर वर-खाली सरकत असतं. तुझ्या ३०६० च्या खोक्यावर बूस्ट १७७७ मेगाहर्ट्झ लिहिलेला असेल, पण गार असताना, हलक्या कामात, ते स्वतःहूनच १९०० च्या पुढे जातं. तू +१६५ केलंस तेव्हा ती अख्खी रेघ १६५ ने वर उचलली गेली. ०.८ व्होल्टच्या बिंदूवरही तेवढीच, १.०५ व्होल्टच्या बिंदूवरही तेवढीच.

फरमार्कने यातला कुठला बिंदू तपासला? खालचा. फरमार्क इतकी वीज ओढतं की १७० वॅटची मर्यादा लगेच लागते आणि कार्ड रेघेवरून खाली घसरतं. तासभर तू कार्ड चांगलं तापवलंस, पण क्लॉक मात्र खालच्या पायरीवर बसून होता. गेमच्या मेन्यूत उलट होतं. काम हलकं, वीज कमी लागते, कार्ड गार, मग ते थेट रेघेच्या शेंड्यावर जाऊन बसतं. तिथे १६५ झेपत नाही. मेन्यूत गोठलं ते त्यामुळे. माझ्या टेबलावर येणाऱ्या ‘फरमार्क पास, गेम नापास’ तक्रारींत बहुतेक वेळा हेच निघतं. फरमार्क मी कूलिंग बघायला पाच-दहा मिनिटं चालवतो, ओव्हरक्लॉकची खात्री करायला कधीच नाही.

एप्रिलचं पडणं मात्र उष्णतेचं आहे. साधा हिशेब धर. फॅनचा वेग तोच आणि लोड तोच असेल तर कार्ड खोलीपेक्षा साधारण ठरावीक अंशांनी गरम राहतं. हा फरक ४२ अंशांचा असेल तर १८ अंशांच्या खोलीत कार्ड ६० वर राहील आणि ३७ च्या खोलीत ७९ वर. तापलेल्या चिपला त्याच क्लॉकसाठी थोडं जास्त व्होल्टेज लागतं. बूस्ट १५-१५ मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी खाली उतरून थोडं सांभाळून घेतं, पण तू आधीच कड्यावर उभा होतास, त्यामुळे तेवढं पुरत नाही. शिवाय मेमरी. ३०६० वर जीडीडीआर६ आहे, आणि या कार्डात मेमरीचं तापमान दाखवणारा सेन्सर तुला कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये दिसणार नाही. कोअर ७९ दाखवत असताना मेमरी काय भोगतेय हे कळायला मार्ग नाही. म्हणून मेमरीच्या बाबतीत मी जास्तच जपून चालतो.

तर आज पहिलं काम: आफ्टरबर्नरमध्ये रीसेट दाब आणि चार दिवस कार्ड कंपनीच्या सेटिंगवर चालव. हेच गेम, हाच रेंडर, भर दुपारी. तरीही पडलं तर दोष ओव्हरक्लॉकचा नाही आणि पुढचं सगळं नंतर. पीसीच्या रॅमवर एक्सएमपी (रॅम जास्त वेगात चालवणारी सेटिंग) चालू असेल तर तेही या चार दिवसांत बंद ठेव. रॅमची गडबड ग्राफिक्स कार्डाच्या माथी मारली गेल्याचं मी इतक्यांदा पाहिलंय की रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ रात्रभर चालवल्याशिवाय मी कार्डाला दोष देत नाही.

याच चार दिवसांत वीज बघून घे. एप्रिल-मेत दुपारी सगळ्या सोसायटीचे एसी-कूलर सुरू झाले की व्होल्टेज खाली येतं. स्वस्त यूपीएस अशा वेळी सारखा बॅटरीवर उडी मारतो, आणि त्याच्या बॅटरीवरची वीज सायनसारखी गुळगुळीत नसते. काही एसएमपीएसना, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या आतल्या डब्यांना, ती चालत नाही. नेहमीचा ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात साधारण ३६० वॅट देतो हेही ध्यानात ठेव. कार्ड, प्रोसेसर, मॉनिटर सगळं त्यावर असेल तर फार जागा उरत नाही. एनव्हिडिया ३०६० साठी ५५० वॅटचा एसएमपीएस सांगते, आणि तो नावाला ५५० नसावा, खरा असावा. इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज मोजून घे. दोन-तीन व्होल्ट असेल तर ठीक. सिडकोतल्या एका घरात ते अठरा निघालं होतं, बोर्डामागची अर्थिंगची वायर सुटलेली होती. ती जोडल्यावर ‘खराब’ कार्ड आजतागायत चालतंय.

पडण्याची तऱ्हाही नीट बघ, ती बरंच सांगते. पडदा दोन-तीन सेकंद काळा होऊन परत आला, तर ते विंडोजने केलंय. कार्डाने दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही की विंडोज ड्रायव्हर पुन्हा चालू करतं, आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१०१ क्रमांकाची नोंद सापडते. हे बहुतेकदा कोअर जास्त ताणल्याचं लक्षण. पडद्यावर चांदण्या चमकणं, चौकडी दिसणं, रंगीत ठिपके, यात पहिला संशय मेमरीवर घ्यायचा. पडदा काळा, कार्डाचे फॅन एकदम पूर्ण वेगात आणि पीसी परत येतच नाही, किंवा पीसी सरळ बंद होऊन पुन्हा सुरू होतो, तर आधी एसएमपीएस आणि त्याच्या केबलकडे बघ. ब्लेंडर ‘इल्लिगल ॲड्रेस’ असं काही म्हणून रेंडर सोडत असेल तर मेमरी आणि कोअर दोन्ही खाली घ्यायचे.

आता कूलिंग, आणि इथे माझं ठाम मत आहे: आधी गारवा, मग मेगाहर्ट्झ. कार्ड सेकंडहँड आहे, म्हणजे चिप आणि हीटसिंकमधली थर्मल पेस्ट कधीची आहे कोण जाणे. एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये जीपीयूचं, म्हणजे मुख्य चिपचं, तापमान आणि हॉटस्पॉट (चिपवरचा सगळ्यात गरम बिंदू) दोन्ही दिसतात. दोघांत दहा ते पंधरा अंशांचा फरक असेल तर सगळं ठीक. पंचवीसच्या पुढे गेला तर पेस्ट वाळलीय किंवा हीटसिंक नीट बसलेला नाही. पेस्ट बदलायला कार्ड उघडलंस तर मेमरीवरचे थर्मल पॅड फाटू देऊ नकोस. नवे घालायचे झाले तर जुन्याच जाडीचे हवेत. अर्धा मिलिमीटर जाड पॅड घातला तरी हीटसिंक चिपपासून उचलला जातो आणि कोअर आधीपेक्षा जास्त तापतं. हे काम पहिल्यांदाच करणार असशील तर कोणा जाणत्याला शेजारी बसव.

धूळ तर आहेच. शहरात सध्या जागोजागी रस्ते उकरलेत, इंदिरानगरच्या रस्त्याकडच्या खोलीत दोन महिन्यांत फिल्टर पांढरा होतो. ब्लोअर मारताना कार्डाचा फॅन बोटाने धरून ठेव. हवेच्या जोराने तो भरमसाट फिरला की बेअरिंग जातं. कॅबिनेट टेबलाच्या कप्प्यात कोंबलेलं असेल तर आजच बाहेर काढ. मागच्या मेमध्ये गंगापूर रोडला एका एडिटरकडे गेलो होतो, पीसी लाकडी कप्प्यात, पुढे काचेचं दार. मी फक्त दार उघडलं आणि वीस मिनिटांनी कार्ड नऊ अंशांनी खाली आलं. तो नवं कार्ड घ्यायच्या तयारीत होता.

एवढं झालं, कंपनीच्या सेटिंगवर सगळं शांत चाललं, की मग ओव्हरक्लॉककडे ये. पण रेघ अख्खी वर उचलायची जुनी पद्धत सोडून दे. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ एकत्र दाबलंस की ती रेघ उघडते. ९०० मिलिव्होल्टचा बिंदू पकड, तो १८५० मेगाहर्ट्झवर ने, आणि त्याच्या उजवीकडचे सगळे बिंदू त्याच उंचीला सपाट कर. म्हणजे कार्डाला तू सांगितलंस की ९०० च्या वर व्होल्टेज घ्यायचंच नाही, आणि शेंडा १८५० ला कापलाय. मेन्यूत जिथे ते कोसळत होतं ती जागाच आता उरली नाही.

याचा फायदा किती ते समजून घे. चिपची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात आणि क्लॉकच्या प्रमाणात वाढते. १.०५ वरून ०.९ वर आलास तर त्याच क्लॉकला जवळपास २६-२७ टक्के वीज कमी. हिशेब कोअरच्या विजेचा आहे, मेमरी आणि फॅन वेगळे, पण तरीही कार्ड १७० वॅटच्या भिंतीला सहसा टेकत नाही. आणि भिंतीला टेकलं नाही की क्लॉक हलत नाही. आधी २०१० आणि १८०० च्या मध्ये झोके घेणारं कार्ड आता १८५० ला चिकटून राहतं, फॅनचा आवाज कमी होतो, खोलीही कमी तापते. म्हणूनच व्होल्टेज वाढवू नकोस म्हणालो. तो स्लायडर या कार्डांवर नवं काही देत नाही, फक्त रेघेच्या अगदी वरचे एक-दोन बिंदू उघडतो, आणि उन्हाळ्यात नको असलेली उष्णता तिथूनच येते.

१८५० ही फक्त सुरुवात आहे. प्रत्येक चिप वेगळी. माझ्याकडे ९०० वर १९०० आरामात धरणारी ३०६० आलीय आणि १८०० ला धापा टाकणारीही. १५-१५ ने वर जा, प्रत्येक पायरीला पंधरा-वीस मिनिटं चाचणी, आणि पहिली चूक दिसली की तिथून दोन पायऱ्या, म्हणजे ३० मेगाहर्ट्झ, खाली ये. एक पायरी नाही, दोन. तुझ्या खोलीसाठी ती दुसरी पायरी लागते.

मेमरीला हात कोअर पक्का झाल्यावरच लाव. दोन्ही एकदम हलवलंस तर दोष कुणाचा ते कळणार नाही. आफ्टरबर्नर या कार्डाची मेमरी साधारण ७५०० दाखवतो, म्हणजे प्रत्यक्षात दर पिनला सेकंदाला १५ गिगाबिट, आणि १९२ बिटच्या बसवर सेकंदाला ३६० गिगाबाइट. +१२०० करून तू १७.४ गिगाबिट मागितलेस. कागदावर ४१७ गिगाबाइट झाले, पण खरंच मिळाले का हे मोजलंस का? या पिढीच्या मेमरीत वाटेत चूक झाली तर ती पकडून तोच डेटा पुन्हा पाठवायची सोय असते. पडदा स्वच्छ दिसतो, वेळ मात्र वाया जातो. म्हणून मेमरीत ‘पडत नाही ना’ एवढं बघून भागत नाही, गुण मोजावे लागतात. सुपरपोझिशन हा गुण देणारा ग्राफिक्स बेंचमार्क चालव, आकडा वहीत लिही, मेमरी १०० ने वाढव, पुन्हा चालव. गुण वाढायचे थांबले किंवा एकनेही खाली आले की २०० मागे ये. तू बहुधा ५०० ते ७०० च्या आसपास थांबशील. +५०० ला ३८४ गिगाबाइट होतात, तेवढ्याने ब्लेंडरला आणि गेमला जे मिळायचं ते बरंचसं मिळालेलं असतं.

चाचण्या मी अशा घेतो. सुपरपोझिशन सुरुवातीला. थ्रीडीमार्कची पैसे भरून घेतलेली आवृत्ती असेल तर टाइम स्पायची स्ट्रेस टेस्ट. ती वीस फेऱ्या घेते आणि सगळ्यात चांगल्या आणि सगळ्यात वाईट फेरीत फार फरक नको म्हणून ९७ टक्क्यांची अट घालते. ओसीसीटी या सॉफ्टवेअरची व्हीरॅम चाचणी कार्डाच्या मेमरीतल्या चुका मोजून सांगते, तिथे एकही चूक चालणार नाही. रे ट्रेसिंगचा (प्रकाशाचे किरण मोजून चित्र काढणारा) एखादा गेम घ्यायचाच, कारण ते काम चिपच्या वेगळ्या भागावर पडतं आणि साध्या गेममध्ये पास झालेला क्लॉक तिथे अनेकदा उघडा पडतो. तुझं काम ब्लेंडरचं आहे, तर त्यांचा मोफत बेंचमार्कही लागोपाठ चार-पाच वेळा चालव.

आता त्या दोन टोकांकडे येऊ. मे महिना जानेवारीत कसा तपासायचा? फॅन हाताने ४०-४५ टक्क्यांवर अडकवून ठेव, दार-खिडकी बंद कर, आणि लोडखाली कार्ड ८० अंशांपर्यंत चढू दे. तिथे अर्धा-पाऊण तास चुकीशिवाय गेला तर उन्हाळा निभावेल. ३०६० ची वरची मर्यादा ९३ अंश आहे, म्हणून ८० ला घाबरायचं कारण नाही, पण समोर बसून राहा. आणि थंडी उन्हाळ्यात कशी तपासायची? पहाटे पाचला उठ, पीसी रात्रभर बंद असलेला हवा. चालू केल्या केल्या फॅन १०० टक्के कर आणि एखादा हलका गेम सेकंदाला ६० फ्रेमला बांधून चालव, मेन्यूत जा, बाहेर ये, गेम बंद कर, पुन्हा उघड. लोड असा वर-खाली होताना कार्ड रेघेवर उड्या मारतं, आणि कच्चं सेटिंग तिथेच पडतं. लोक फक्त जोराचा लोड लावून बघतात, ही उड्यांची चाचणी फार कमी जण घेतात.

आफ्टरबर्नरमध्ये पाच प्रोफाइल साठवता येतात. पहिल्यात कंपनीची सेटिंग, दुसऱ्यात मार्च ते जून, तिसऱ्यात बाकीचं वर्ष. माझ्या स्वतःच्या पीसीवर दोन्हींत ३० मेगाहर्ट्झ आणि मेमरीत २०० चा फरक आहे. विंडोज चालू होताना सेटिंग आपोआप लागावं ही खूण आठवडाभर काहीही न पडता गेल्यावरच कर. आधीच केलीस आणि सेटिंग कच्चं निघालं तर पीसी डेस्कटॉपवर येतानाच अडकेल, मग सेफ मोडमध्ये जाऊन आफ्टरबर्नर काढत बसावं लागतं.

मिळणार किती हेही सांगतो, कारण पोरं मोठ्या आशेने येतात. या कार्डावर सगळं जुळून आलं तर माझ्या अनुभवात पाच-सात टक्के. ६० फ्रेमचे ६३-६४. मला स्वतःला त्यापेक्षा तेवढ्याच वेगाला दहा अंश कमी आणि फॅन शांत, हे जास्त मोलाचं वाटतं, आणि तुझ्यासारख्या रस्त्याकडच्या गरम खोलीत तर नक्कीच. बायोस फ्लॅश करून, म्हणजे कार्डातला मूळ प्रोग्रॅम बदलून, १७० वॅटची मर्यादा वाढवायचे सल्ले तुला मिळतील. एका आठ पिनच्या, बेताच्या हीटसिंकच्या सेकंडहँड कार्डावर ते करू नकोस. फ्लॅश फसला तर कार्ड सुरूच होत नाही, आणि वॉरंटी शिल्लक असलीच तर तीही जाते.

फायनल इयरच्या प्रोजेक्टचा रेंडर ज्या रात्री लावशील, त्या रात्री पहिला प्रोफाइल लाव, कंपनीच्या सेटिंगचा. आठ तासांच्या रेंडरला पाच टक्के म्हणजे चोवीस मिनिटं, आणि सकाळी सबमिशन असताना पहाटे चार वाजता सुटलेला रेंडर पुन्हा पहिल्या फ्रेमपासून लावायला वेळ नसतो. फ्रेम एकेक पीएनजी म्हणून साठव, थेट व्हिडिओ फाइल करू नकोस, म्हणजे काहीही झालं तरी जिथे थांबलं तिथून पुढे लावता येईल.